एचटीएमएल वहीत लिहून येत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

गावभागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स असली कामं. पोरगी यंदा दहावीत गेली, मे महिन्यात तिला इथल्याच एका कॉम्प्युटर क्लासला घातलं, वेब डिझाईन शिकवतो म्हणाले. पंधरा दिवसांनी वही बघितली तर पानंच्या पानं एचटीएमएलचे, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेचे, टॅग (कुठला मजकूर कसा दाखवायचा ते ब्राऊझरला सांगणाऱ्या खुणा) उतरवून घेतलेले, एचटीएमएलचा फुल फॉर्म दहा वेळा लिहिलेला, आणि पेज एकपण केलेलं नाही. सर म्हणाले आधी पाठ करा, म्हणे. त्यात परत फॉन्ट, सेंटर आणि ते अक्षरं पळवणारं मार्की, हे सगळे टॅग एचटीएमएल पाच या नव्या आवृत्तीत बाद झालेत आणि ते २०१४ सालीच स्टॅण्डर्ड झालंय. (मार्की माझ्या फ्लेक्सच्या गिऱ्हाइकांना लय आवडलं असतं ती गोष्ट वेगळी.)

शेवटी मीच दुकानात संध्याकाळी तिला बसवली. मलापण कुठं येतंय, पण विंडोज सेव्हनचा जुना पीसी, नोटपॅड आणि ब्राऊझर एवढ्यात भागतं, नेटसुद्धा लागत नाही. विषय तिनंच काढला, "पुलाला पाणी किती". पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठून हेच विचारतात ना. हेडिंगला एच वन, खाली टेबल, आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं ती ओळ. टीआर म्हणजे आडवी ओळ, टीडी म्हणजे त्यातला एकेक कप्पा, हे तिला टेबल दिसल्यावर दोन मिनिटांत कळलं, वहीत पंधरा दिवस कळलं नव्हतं.

आता गंमत ऐका. पहिल्यांदा फाईल उघडली तर पेज न दिसता सगळा कोडच दिसायला लागला, कारण नोटपॅडनं फाईलच्या नावामागं गुपचूप टीएक्सटी चिकटवलेलं. ते काढलं तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं! सेव्ह करताना कसली तरी वॉर्निंग आलेली, मी न वाचताच ओके दाबलं होतं. सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली एन्कोडिंग म्हणून असतं, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये कशी साठवायची ते, तिथं एएनएसआय होतं, त्याला मराठी अक्षरं माहीतच नाहीत. सगळं परत टाईप केलं, मराठी चालणारं यूटीएफ-८ निवडलं आणि पेजच्या वरती हेडमध्ये तेच ब्राऊझरला सांगणारी मेटा चारसेटची ओळ टाकली, तेव्हा कुठं "कृष्णा" दिसली. पोरगी ओरडलीच, शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला.

माझी फजिती पुढंच आहे. मी एवढी वर्षं जुन्या मराठी फॉन्टात टाईप करतोय, त्यातला तयार मजकूर पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा पडला, कारण आत मराठी कधी नव्हतंच, फक्त फॉन्टनं तसं दाखवलेलं. युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, नव्यानं टाईप करावं लागलं, मुलीनं मला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकवला म्हणजे काय ते समजा.

साहेब, वेब ज्यांनी काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ ला जगातली पहिली वेबसाइट सुरू केली ती नुसती मजकूर आणि लिंक अशीच होती, आमच्यासारखीच. म्हणून क्लासवाल्यांना सांगायचंय की पहिल्याच दिवशी पोरांना स्वतःच्या गावाचं एक पेज मराठीत करू द्या, अडू द्या, टॅगचा तक्ता भिंतीवर लावा, पाठांतर कशाला. आणि तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला चार ओळींचा कोड छापता आला तर बघा की, शब्दकोड्याशेजारी जागा निघेल.

टेबलात ४५ च्या वर आकडा गेला की कप्पा लाल करायचा तिचा विचार आहे, त्याला रंगरूपासाठी सीएसएस आणि पुढं आकडा बघून आपोआप बदलायला जावास्क्रिप्ट लागतंय म्हणे. यंदाचा कप्पा अजून रिकामाच आहे.

आपला,
एक डीटीपीवाला, गावभाग, सांगली