ठेक्याचा दर

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही नकोच म्हणणार, म्हणून आधी आईला सांगितलं." पक्की नोकरी सोडून दिवसाच्या दराने कॉन्ट्रॅक्टवर जायचं म्हणतेस, त्याला मी नको म्हणत नाही. पण फोनवर ऐकलेले आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत, म्हणून कागदावर मांडतोय.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला गेली, हे तुला ठाऊक आहेच. परमनंट लोकांची हजेरीची कार्डं एका खणात, ठेक्यावरच्या पोरांची दुसऱ्या खणात. मशीन तेच, शिफ्ट तीच आणि पगार निम्म्याहून कमी. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जायची. म्हणून सहा-सात महिने झाले की ठेकेदार 'ब्रेक' द्यायचा आणि महिनाभराने त्याच पोराला नव्या नंबरावर परत घ्यायचा. त्यामुळे 'कॉन्ट्रॅक्ट' म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. ते आईने तुला सांगितलं असेलच.

तुझं प्रकरण मात्र वेगळं आहे. त्या पोरांच्या डोक्यावर जोखीम होती, पण तिचा पैसा त्यांना कोणी देत नव्हतं. तुला देतायत. तो पुरेसा आहे का, एवढंच बघायचं.

तू म्हणालीस, इथे वर्षाला १८ लाख; तिथे दिवसाला ९ हजार, म्हणजे महिन्याला दोन लाख, वर्षाचे २४. थांब जरा. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सणांच्या सुट्ट्या, चार दिवस गाव, एखादा ताप, असे तीसेक दिवस सोड. राहिले २३० दिवस, म्हणजे २० लाख ७० हजार. एक काम संपून दुसरं लागेपर्यंत महिनाभर घरी बसावं लागलं, तर आणखी २२ दिवस गेले. २०८ गुणिले ९ हजार म्हणजे १८ लाख ७२ हजार. आणि तुझ्या आताच्या १८ लाखांत पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळते ती रक्कम) धरलेली आहे. तिकडे ते तुझं तुलाच बाजूला काढावं लागेल.

पण दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणशील बाबांनी पारडं आधीच झुकवलं. आता तुझ्या पगारातून वर्षाला लाखाच्या वर कर कापला जातो. तू स्वतंत्र सल्लागार म्हणून बिलं लावलीस आणि ठरावीक व्यावसायिकांना मिळणारी आयकराची सवलत लागू झाली, तर जमेच्या निम्मी रक्कमच उत्पन्न धरली जाते. २० लाख ७० हजारांचे निम्मे १० लाख ३५ हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट, म्हणजे करात सूट, आहे, म्हणजे कर शून्य. तुझं काम त्या सवलतीत बसतं का, हे सीएकडून लेखी घे. कंपनीच्या एचआरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आली. करारात 'दर अधिक जीएसटी' असं लिहिलेलं हवं. नाहीतर ते १८ टक्के तुझ्याच नऊ हजारांतून जातील आणि वर्षअखेरीला कळेल.

हे सगळं तू स्वतः बिल लावणार असशील तर. मधल्या एखाद्या एजन्सीच्या पेरोलवर घालणार असतील तर गणितच बदलतं. पगार तिचा, पीएफ तिचा आणि मधली दलालीही तिचीच. हे तू सांगितलंच नाहीस, बहुधा विचारलंही नसशील. आधी ते विचार.

आता तारखेचं. जूनमध्ये तुला आताच्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण होतात, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. बेसिक ७५ हजार असेल, तर त्याला २६ ने भागून गुणिले १५ दिवस, गुणिले पाच वर्षं, असे २ लाख १६ हजार ग्रॅच्युइटीचे होतात. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आहे म्हणालीस ना? मग राजीनामा अशा बेताने टाक की शेवटचा दिवस जूनच्या पलीकडे पडेल. नवी कंपनी तोवर थांबायला तयार नसेल, तर तेवढी रक्कम जॉइनिंगला मागून घे. पीएफ मात्र काढायचा नाही, आहे तिथे राहू दे.

विम्याचं लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण लिहितोच. आम्ही दोघं तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहोत. आईचा गुडघा डॉक्टरांनी बदलायलाच सांगितलाय आणि ती 'दिवाळीनंतर बघू' करत दिवाळ्या काढतेय. नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा तुझा राजीनामा जाण्याआधी तिचा गुडघा उरकून घेऊ. तू तिला सांग, माझं ती ऐकत नाही. तुमच्या दोघांची स्वतःची पॉलिसी मात्र आत्ताच काढ, नोकरी सुटायची वाट बघू नकोस. जावईबापूंच्या कंपनीवर किती दिवस भिस्त ठेवणार?

आईने आणखी एक लिहायला सांगितलंय, मी नुसता लिहिणारा. पक्क्या नोकरीत बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळते. बिल लावणाऱ्याला कोणी देत नाही. तुमचा विचार काय ते तुमचं तुम्हाला माहीत. पण मनात असेल, तर हिशेबात हेही धरा.

आणि रावेतला घ्यायच्या फ्लॅटचं. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला कर्ज देताना बँका साधारण दोन-तीन वर्षांची आयकराची रिटर्नं मागतात. म्हणून आत्ताच घाईने कर्ज काढून मग नोकरी सोडावी, असा सल्ला तुला कोणी देईल. तो ऐकू नकोस. हप्ता मागे लागला की पडेल त्या दराने काम घ्यावं लागतं, आणि मग तुझी दराची घासाघीस संपली.

माझं मत विचारशील तर, ९ हजारांना जाऊ नकोस. ११ माग, साडेदहावर ये. नोटीस दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची आणि बिलाचे पैसे ३० दिवसांत, हे मान्य करत असतील तर खुशाल जा. काम तुझ्या आवडीचं आहे, हे तुझ्या बोलण्यावरूनच कळत होतं. त्यावर मी काय लिहिणार.

शनिवारी येशील तेव्हा कराराची प्रिंट काढून आण. मोबाईलवर ते बारीक अक्षर मला दिसत नाही. आणि सही अजून केलेली नाहीस ना?

तुझे,
बाबा