दुकानातल्या अक्कांना, ठकीकडून आणि माझ्याकडून

प्रिय अक्का,

तुमचं नाव त्या दिवशी मी विचारलंच नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या त्या दुकानातली पोरं अक्का म्हणत होती, म्हणून मीही अक्का म्हटलं. परवा पुन्हा गेले तर काउंटरवर दुसरंच कोणी होतं. तुम्ही गोकाककडे मुलाजवळ राहायला गेलात, एवढंच कळलं. नंबर मागायचं जिवावर आलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेल, आणि ज्यांच्या घरात म्हातारं मांजर आहे त्यांनाही तुमचे शब्द कळतील.

तुम्हाला आठवावं म्हणून सांगते. गेल्या जुलैतला शनिवार होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! दुसऱ्या रेल्वे गेटावर गाडी जायची वाट बघता बघता मी अर्धी भिजले होते. दुकानात आल्या आल्या म्हटलं, "म्हाताऱ्या मांजरासाठी किडनीचं वेट फूड द्या," म्हणजे पाऊचमधलं ओलं तयार खाणं. तुम्ही फळीकडे वळलातच नाही. कपाळावरचा चष्मा खाली घेतलात आणि विचारलंत, "मांजर आजारी हाय काय ताई?" मी नाही म्हटलं. "डॉक्टरांनी लिहून दिलंय?" नाही. "मग आजाऱ्याचं जेवण कशाला न्यायलाय?"

अक्का, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

आमची मांजर ठकी २०१३ च्या पावसाळ्यात घरी आली. वडगावात आमच्या मागच्या खोलीत तेव्हा माग चालू होता, आणि ही सुताच्या टोपलीत निजायची. लेक तेव्हा चौथीत. आता ती पुण्याला नोकरीला आहे, आणि रोज रात्री फोनवर आधी ठकीची चौकशी होते, मग आईची. बारा वर्षांची ठकी म्हणजे माणसाच्या हिशेबात साठी ओलांडलेली बाई. जूनमध्ये डॉक्टरांनी तिचं रक्त, लघवी, थायरॉइड, ब्लडप्रेशर असं सगळं बघितलं. सगळं चांगलं निघालं. फक्त वजन वर्षभरात ४ किलो २०० ग्रॅमवरून ४ किलोवर आलेलं, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके आधीपेक्षा जास्त बोटाला लागत होते. "वेट फूड सुरू करा, पोटात पाणी जाईल," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या कुत्र्याकडे वळले. बाहेर रांग होती, माझी तक्रार नाही. पण कुठलं वेट फूड, किती, कसं, हे सगळं माझ्या पदरातच राहिलं.

मग गल्ली बोलू लागली. म्हातारी झाली, आता किडनी जाणार, चिकन बंद करा, प्रोटीन कमी करा. मोबाइलवरही तेच. मला ते पटलं, कारण माणसांच्या म्हातारपणी आम्ही तेच करतो, मऊ भात आणि वरण. भीतीही होती. शेजारच्या गल्लीतलं एक मांजर किडनीनेच गेलं होतं.

तुम्ही मला स्टुलावर बसवलंत. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी केलेलं असतं, प्रोटीनलाही हात आखडता असतो. ज्या मांजराला तो रोग आहे त्याला ते डॉक्टरच्या सांगण्यावरून द्यायचं, असं तुम्ही सांगितलंत. धडधाकट म्हाताऱ्या मांजराचं उलट असतं. त्याचे स्नायू वयाने झिजतात, खाल्लेल्यातलं प्रोटीन आणि चरबी पूर्वीसारखी अंगी लागत नाही. त्याचंच प्रोटीन तोडलं तर ते आणखी वाळतं. मांजर मांसावरच जगणारं जनावर, त्याला आपल्यासारखं वरणभातावर भागत नाही. हे सगळं तुम्ही अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत बोललात. ठकीला तर न बघताच "अज्जी" म्हणून टाकलंत. तेव्हापासून घरात तिचं तेच नाव पडलं आहे.

आणि मग ते दोन ढीग. मला अजून तो काउंटर डोळ्यांसमोर दिसतो. तुम्ही सात-आठ पाऊच काढलेत, सगळ्यांवर चकचकीत मांजरांची चित्रं. सगळे पालथे घातलेत. म्हणालात, "पुढचं बघू नका. मागचं बघा." मागे मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. तुम्ही नखाने एकेक शब्द दाखवलात: एका पाऊचवर कंप्लीट, दुसऱ्यावर कॉम्प्लिमेंटरी. घाईत दोन्ही एकच वाटतात. पहिल्याचा अर्थ, रोज एवढंच दिलं तरी मांजराला लागणारं सगळं त्यात आहे. दुसऱ्याचा अर्थ, हे तोंडी लावणं आहे, जेवण नाही. ज्या पाऊचवर नुसते मासळीचे तुकडे दिसत होते, जो मी स्वतः उचलला असता, तो दुसऱ्या ढिगात गेला. नळीतलं ते क्रीमही तिकडेच. किती जणं तेच रोज देत असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या बाजूवरचं सात प्लस, अकरा प्लस, म्हणजे एवढ्या वर्षांपुढच्या मांजरांसाठी, याचंही तुम्ही सांगितलंत. लेकीने नंतर शोधलं, तर तुमचं बरोबर निघालं. अमेरिकेत पशुखाद्याच्या पोषणाची मानकं घालून देणारी आफ्को नावाची संस्था आहे, तिच्याकडे मांजरांसाठी दोनच गट आहेत: एक वाढत्या पिल्लांचा आणि गाभण मांजरींचा, दुसरा मोठ्या मांजरांचा. म्हातारपणाचा वेगळा गट नाही. म्हणजे सात प्लस हे त्या त्या कंपनीने स्वतः ठरवलेलं. वाईट असतं असं नाही, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही.

पाण्याचा हिशेब तर मी बिलासकट जपून ठेवला आहे. मी म्हटलं होतं, यात प्रोटीन दहाच टक्के, कोरड्यात बत्तीस, मग हे पाणी विकत घ्यायचं कशाला? तुम्ही बिल पालथं केलंत आणि पेनने लिहिलंत. पाऊचमध्ये शंभरात ८० भाग पाणी. उरले २०. त्या २० मध्ये १० प्रोटीन, म्हणजे निम्मं. कोरड्यात पाणी १०, उरले ९०, त्यात ३२ प्रोटीन, म्हणजे शंभराला साधारण साडेपस्तीस. पाणी बाजूला काढल्याशिवाय दोन खाणी एका तराजूत घालायची नाहीत. मागावर सूत घेताना ओलं सूत कोणी वजनावर घेत नाही, हे मला कळतं. पण पाऊचच्या बाबतीत सुचलं नव्हतं. आणि ते पाणी फुकट जात नाही. मांजराची मूळ जात कोरड्या मुलखातल्या रानमांजराची, त्यामुळे तहान कमी, पाण्याच्या भांड्याकडे ते सहसा जात नाही. म्हातारपणी तर आणखीच कमी. जे पाणी ते पीत नाही, ते जेवणातून पोटात जातं.

फॉस्फरसचा आकडा बहुतेक पाऊचवर नसतो. तो पाठीवरच्या नंबरावर फोन करून विचारायचा, आणि घटकांच्या यादीत फॉस्फेटची दोन-तीन नावं ओळीने आली तर दुसरं बघायचं, असं तुम्ही म्हणालात. भरपूर घातलेले ते क्षार धडधाकट मांजराच्याही मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. लेकीने पुण्याहून दोन कंपन्यांना फोन केला. एकीने आकडा सांगितला, एकीने टाळलं. आम्ही सांगणाऱ्या कंपनीचं घेतलं.

आता तुम्ही विकलंत काय? खोकं नाही. चार पाऊच, चार वेगवेगळ्या प्रकारचे. "अज्जीला आवडंल ते परत न्या." धंदा करणारं माणूस असं सांगत नाही, अक्का.

घरी आल्यावर सोपं गेलं नाही, तेही तुम्हाला कळायला हवं. पहिल्या दिवशी कोरड्या दाण्यांवर एक चमचा घातलं. तिने रस्सा चाटला आणि तुकडे ताटलीच्या काठावर ओळीने ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी सगळ्यालाच पाठ. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, भूक लागली की खाईल. पण तुम्ही बजावलं होतं, मांजराला उपाशी ठेवून वळण लावायचं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी चढते आणि जिवावर बेततं. म्हणून जुने दाणे पुन्हा पुढे केले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धा चमचा. दहा दिवसांचं काम अठरा दिवसांनी झालं.

वळण कुठे लागलं सांगते. फ्रीजमधला अर्धा पाऊच मी तसाच देत होते. तुमचं बोलणं आठवलं, आणि वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवली. बोट घालून बघितलं, अंगाएवढं गरम. वास खोलीभर पसरला. ठकी कपाटावरून उतरली, एकदा हुंगलं, आणि पहिल्यांदाच तुकड्यांसकट खाल्लं. जीभ ताटलीवर घासल्याचा तो खरखर आवाज मी फोन धरून लेकीला ऐकवला. म्हातारपणी नाक मंदावतं, थंड खाण्याला वास नसतो, आणि वास नाही तर मांजराला ते खाणंच वाटत नाही. चवीत तर त्यांना गोड कळतच नाही. आमच्याकडे कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची बेळगावी मिठाई, आणला की ही पेढेवाल्याच्या पुड्याभोवती फिरते, म्हणून सगळे तिला गोडघाशी म्हणायचे. ती साखरेसाठी नाही, आटवलेल्या दुधाच्या चरबीसाठी फिरते, हे आता कळलं. कुंदा बंद केला आहे.

खोल वाटी काढून पसरट ताटली केली, मिशा काठाला लागू नयेत म्हणून. खाली पाट ठेवला, मान फार वाकवावी लागत नाही. पावसाळ्यात मुंग्यांचा त्रास फार, तेव्हा ताटली पाणी घातलेल्या परातीत ठेवते. तासाभरात खाल्लं नाही तर उचलते. उघडलेला पाऊच झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपवायचा. लाइट जास्त वेळ गेली तर टाकून द्यायचा, जीव हळहळला तरी.

कॅम्पातल्या मासळी बाजारातून बांगड्याची डोकी आणायचे, तीही थांबवली. कच्ची नाहीतच, कारण काही कच्च्या माशांत बी-वन जीवनसत्त्व मोडणारं काहीतरी असतं. आणि उकडलेलीही कधीतरीच, चमचाभर. नुसतं उकडलेलं चिकन रोज देत होते त्याबद्दल तुम्ही रागावला नाहीत, पण समजावलंत. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, शिवाय टॉरिन नावाचं मांजराला लागणारं पोषकद्रव्य उकळताना पाण्यात उतरतं, आणि ते पाणी मी ओतून देत होते. टॉरिन कमी पडलं तर मांजराची नजर जाते, हृदय सैल पडतं. हृदयाच्या त्या रोगाचं कारण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना १९८७ साली सापडलं आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं, असं लेकीने वाचून दाखवलं. आमच्या रश्श्यातला तुकडा धुऊन द्यायची सवयही मोडली. कांदा-लसूण धुऊन जात नाही.

पैशांचं मी लाजत लाजत विचारलं होतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, ८५ ग्रॅमच्या आमच्या पाऊचमध्ये ६५ च्या आसपास आहेत. म्हणजे दिवसाला तीन पाऊच. फॉल-पिको करून घर चालवणाऱ्या बाईला ते झेपत नाही. तुम्ही चेहरा जराही न बदलता म्हणालात, सकाळी एक, रात्री एक, आणि दुपारी २० ग्रॅम कोरडं, तेही मोजून. सगळं ओलं नाही जमलं तर अपराध वाटून घ्यायचा नाही. अक्का, या वाक्याने मला जेवढं हलकं वाटलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

आता पाच महिने झाले. गल्लीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवीत घालून दर महिन्याला तिला तोलते. दुकानदार आधी हसायचा, आता तारीख तोच लक्षात ठेवतो. परवा ४ किलो १०० भरली. तिच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत ओल्या गोळ्यांचा आकार वाढला आहे, म्हणजे पाणी पोटात जातं आहे. उडी अजून खिडकीपर्यंत जाते, कपाटावर दोन टप्प्यांत. ती तरुण झालेली नाही, आणि तसं मी मागतही नाही. सहा महिन्यांनी तपासणी तुम्ही सांगितली होतीत, जानेवारीत आहे.

निघताना मी उंबऱ्याशी छत्री उघडत होते, तेव्हा तुम्ही आतून ओरडून सांगितलंत, "पुढच्या वेळी येताना सांगा, अज्जीचं ऊटा आयता म्हणून!" म्हणजे अज्जीचं जेवण झालं का ते. पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही नव्हता.

झालं, अक्का. आत्ता साडेआठला झालं. ताटली चाटून पुसून ठेवली आहे, आणि अज्जी माझ्या शिलाई मशीनखाली कापडांच्या चिंध्यांवर निजली आहे.

तुमची,
वडगावची ठकीची आई