बार्बी बेंटनबद्दल, गाण्यापासून सुरुवात करून

प्रिय सुहास,

अमेरिकी गायिका आणि अभिनेत्री बार्बी बेंटनवर लेख लिहायला घेतलास, फार बरं वाटलं. एक विनंती आहे. 'प्लेबॉय' मासिक आणि त्याचा संस्थापक, तिचा त्या वेळचा प्रियकर ह्यू हेफ्नर यांच्यात अडकू नकोस. सगळे तिथूनच सुरू करतात आणि गाण्यापर्यंत पोचेपर्यंत जागा संपते. १९६९ साली ती पहिल्यांदा त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, एवढं एक वाक्य पुरे.

रेंगाळायचं ते 'ही हॉ'पाशी, म्हणजे ती ज्यात असायची त्या अमेरिकी टीव्हीवरच्या कंट्री संगीत आणि विनोदाच्या कार्यक्रमापाशी. या कार्यक्रमाचं चित्रीकरण नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या शहरात, वर्षातून दोनदाच व्हायचं, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. तेही भागांप्रमाणे नाही, सेटप्रमाणे. मक्याच्या शेताचा सेट लागला की त्यातले सगळे विनोद एका दमात उरकायचे. कणसांतून डोकं वर काढायचं, फलकावरचं वाक्य म्हणायचं, खाली बसायचं. पुढे संकलनात तुकडे जोडून भाग तयार होत. थोड्या दिवसांच्या कामावर कलाकार वर्षभर कंट्री ऐकणाऱ्यांच्या घराघरांत दिसायचा. पण समोर प्रेक्षक नसत, हशा मागाहून भरलेला असे. गर्दीपुढे गायचा सराव तिथे होणं शक्य नव्हतं, हेही लिही.

१९७५ मध्ये तिचं 'ब्रास बकल्स' हे गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. कंपनी हेफ्नरचीच प्लेबॉय रेकॉर्ड्स, म्हणून 'घरच्या घरी सगळं' असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांग, याच कंपनीच्या मिकी गिली या गायकाचं गाणं १९७४ मध्ये त्याच यादीत पहिलं आलं होतं. कंपनीला कंट्रीची जाण होती.

नॅशव्हिलच्या वादकांची आकड्यांची पद्धत नक्की समजावून सांग. ती नील मॅथ्यूजने काढली, चार्ली मॅकॉयने रुजवली. कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांची, नावं लिहायची नाहीत, फक्त १, ४, ५ असे आकडे. म्हणजे सा, म, प यांवर उभ्या कॉर्ड. आपल्याकडे गायिका पेटीवाल्याला 'काळी चार जड जातेय, पांढरी पाच धरा' म्हणते, तसं तिथे नुसती पट्टी सांगायची. कागद तोच राहतो. नवख्या गायिकेला याचा मोठा आधार. चूक होते ती मायनर कॉर्डच्या (कोमल गंधाराच्या) खुणेत. २ च्या पुढची आडवी रेघ राहिली की वादक मेजर (शुद्ध गंधाराची) कॉर्ड वाजवतो आणि गाण्याचा रंगच बदलतो.

'शुगर टाइम!' ही तिची टीव्ही मालिका दोन ओळींत आटप. त्यापेक्षा 'एन्ट दॅट जस्ट द वे' या गाण्याला जागा दे. त्याच्या तीन रचनाकारांपैकी ग्लेन लार्सन टेलिव्हिजनचा निर्माता म्हणून ओळखला जातो. तिच्या आवाजात ते स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १९९६ मध्ये ल्युट्रिशिया मॅकनील या गायिकेने ते पुन्हा गाऊन युरोपभर गाजवलं. माझ्या मते तिचं सर्वांत टिकलेलं गाणं हेच, आणि ते कंट्रीच्या चौकटीत नीट बसत नाही. 'ब्रास बकल्स' आणि हे, दोन्ही गाणी लागोपाठ ऐक, मगच लेखाचं शीर्षक ठरव. आकड्यांचा परिच्छेद आधी पाठव, तपासून देतो.

तुझा,
विनय