मॅडम, तो दांडा सोडलात का हो शेवटी?

प्रिय मॅडम,

तुम्ही रिटायर झालात हे परवा ग्रुपवर कळलं, सगळ्यांनी फुलंबिलं टाकली, मीपण हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी झाले आणि मग रात्री झोपच येईना, म्हटलं एवढंच? म्हणून हे लिहितेय, आणि असं उघडपणे लिहितेय कारण तोंडाने सांगायला गेले तर 'मॅ' वरच अडकेन, 'डम' पर्यंत पोचायला वेळ लागेल. तुम्हाला माहितीये ते.

मी बोलताना अडखळते, तेव्हा तर फारच. वर्गात ओळीने वाचायची पाळी आली की आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार हे मी आधीच मोजून ठेवायचे, त्यातले अवघड शब्द हेरायचे, आणि त्या नादात बाकीच्यांनी काय वाचलं त्यातलं अक्षरही ऐकलेलं नसायचं. बीएला साहित्य घेतलं तेसुद्धा मागच्या बाकावर बसून गुपचूप वाचता येईल म्हणून, उगाच थोर कारण कशाला सांगू.

आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात कवितेची वृत्तं काढलीत! यमाताराजभानसलगं, लघू-गुरू म्हणजे आखूड-लांब अक्षरांचे गण लक्षात ठेवायचं ते सूत्र. वृत्तं म्हणजे पाच मार्कांचा कंटाळा असंच सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, शिकवणाऱ्यांनीसुद्धा. तुम्ही मात्र बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत वर्गभर फिरलात, भुजंगप्रयात, १२ अक्षरं, लघू गुरू गुरू असं चारदा, मनाच्या श्लोकांचे २०५ च्या २०५ ह्याच चालीत आहेत, चला सगळे एकदम. आम्ही बाकावर ठेका धरला. तिसऱ्या श्लोकाला माझ्या लक्षात आलं की माझा आवाज येतोय. सलग. मी दचकून गप्पच झाले, तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि काहीच न बोलता पुढचा श्लोक सुरू केलात.

खूप नंतर एका स्पीच थेरपिस्टने सांगितलं की बरोबरीने वाचताना किंवा ठेक्यावर बोलताना बऱ्याच जणांचं अडखळणं कमी होतं, पण एकटं बोलायला लागलं की ते परत येतं. माझंही आलंच की परत. तुम्ही मला 'बरं' केलंत असं कोणी म्हणू नये, तुम्हालाही ते आवडणार नाही.

खरी गोष्ट पुढची. भाचीला स्विमिंगला सोडायला गेले होते आणि उथळ बाजूला, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, टोपी घालून, कडेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून कोण तर तुम्ही! पन्नाशी उलटल्यावर. कोच सांगतोय सोडा, तुम्ही नाही म्हणताय, शेजारची पोरगी म्हणाली आजी मी धरते तुम्हाला, तरी नाही. मला लपावंसं वाटलं, तुम्ही मात्र तिथूनच ओरडलात, "बघ, मला पण जमत नाहीये!" केवढ्या आनंदाने सांगितलंत ते. नंतर बाकावर केस पुसत म्हणालात की वर्षाला एक तरी अशी गोष्ट शिकते जिच्यात मी वर्गात शेवटची असते, नाहीतर तुमच्यासारख्यांपुढे उभं राहून काय बोलणार. दरवर्षी तुम्ही जुन्या नोट्स रद्दीत टाकून पुस्तक पहिल्यापासून वाचायचात ते का, हेही मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या लेक्चरला मंदाक्रांता वृत्त होतं. १७ अक्षरं, चारवर थांबा, मग सहा, मग सात. पहिली चार गुरू, जड, पाय ओढत चालल्यासारखी, आणि मग एकदम पाच लघू. "यती म्हणजे पाण्यातून तोंड बाहेर काढायची जागा," तुम्ही म्हणालात, "तिथे थांबला नाहीत तर नाकातोंडात जाईल." वर्ग हसला. मला एकटीला माहीत होतं ही माहिती कुठून आली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या उताऱ्यावर शिसपेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारून दिल्यात, श्वासाच्या. कविता नव्हतीच ती, साधं गद्य होतं. मी दुसऱ्याच वाक्यात अडकले. बाहेरचे परीक्षक माझा शब्द पूर्ण करायला निघाले होते आणि तुम्ही टेबलावर नुसता हात आडवा ठेवलात. सगळे पूर्ण करतात हो माझे शब्द, प्रेमानेच करतात. तीन वर्षांत तुम्ही एकदाही केला नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे, तुम्ही निवांत बसून होतात, मग शब्द आला.

आता ऑफिसात प्रेझेंटेशन असलं की प्रिंटआउटवर पेन्सिलीने रेघा मारते. शेजारचा विचारतो हे काय, मी म्हणते मंदाक्रांता, तो पुढे काही विचारत नाही. स्वतःचं नाव सांगताना अजून अडकते.

थँक यू मॅडम. आणि आता वेळच वेळ आहे तर कळवा, खोल बाजूला गेलात का? नसाल तर रविवारी मी येते. मलाही पोहता येत नाही.