बुडालेल्या किनाऱ्याच्या पाहणीसाठी कोळी बांधवांना व मुंबईकरांना आवाहन

मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना, म्हणजे १८८० साली ती गोदी सुरू होण्यापूर्वी, ओहोटीच्या पाण्याखालच्या चिखलात गाडले गेलेले एक जंगल सापडले. मोजदाद केली तेव्हा ३८२ झाडे भरली आणि त्यांपैकी २२३ जागच्या जागी उभी होती. लाकूड खैराचे होते. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, त्यामुळे ती जागा एके काळी कोरडी जमीन होती, याविषयी शंका उरत नाही.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मुंबईसमोरचा तळ उथळ असल्यामुळे किनारा पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर दूर होता. त्या जमिनीवर माणसे वावरली असतील, तर त्यांच्या खुणा आज आपल्या जाळ्यांखाली आहेत. अशा खुणा बहुधा मच्छीमारांनाच आधी सापडतात: १९३१ साली युरोपातील उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) जाळ्यातून वर आलेल्या एका ढेकळात हरणाच्या शिंगाचे दातेरी भाल्याचे टोक निघाले आणि तिथल्या बुडालेल्या भूमीचा अभ्यास खऱ्या अर्थाने मार्गी लागला.

म्हणून आमच्या इतिहास अभ्यास मंडळाची तांडेल व खलाशी बांधवांना कळकळीची विनंती आहे. डोल किंवा ट्रॉलच्या जाळ्यात काळे पडलेले लाकूड, जड झालेले हाड किंवा धारदार कडेचा गारगोटीसारखा दगड आला, तर तो परत पाण्यात टाकू नका. लाकूड उन्हात ठेवले की थोड्याच वेळात तडकते. ते समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा, घासू नका. किती वाव खोल पाण्यात जाळे होते आणि जीपीएसवर कोणती जागा दिसत होती, एवढे लिहून ठेवा, कारण जागा कळली नाही तर वस्तूचे निम्मे मोल जाते.

नोंदी जमल्या की त्या जागांवरून साइड स्कॅन सोनारने, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राने, तळाचे चित्र घ्यायचे आणि गाळाखालचे थर ध्वनिलहरींनी तपासायचे, असा आमचा बेत आहे. जुन्या नदीपात्रांचे काठ आम्ही आधी पाहू, कारण माणूस गोड्या पाण्याजवळ राहतो. आवश्यक परवानग्यांशिवाय तळाला हात लावला जाणार नाही.

यंत्राचे भाडे, होडी आणि डिझेल यांसाठी निधी हवा आहे. होडी एक दिवस देणारा नाखवाही आमच्या लेखी देणगीदारच आहे. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि वस्तू आणून देणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसल्यास, नोंदवहीत त्या वस्तूपुढे लिहिले जाईल.