नेहमीचा रस्ता सापडतो का, हेही विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अल्झायमरवर काही छापून आलं की त्यात नावं विसरणं, तेच तेच विचारणं याबद्दल असतं. माझ्या वडिलांच्या बाबतीत सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. त्यांना वाट सापडेना.

अण्णा साताऱ्यात 32 वर्षं पोस्टमन होते. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांच्यामधले सगळे बोळ त्यांच्या पायाखालचे. एकदा गटाराच्या कामासाठी आमचा बोळ खणला होता. मंडईतून परत येताना अण्णा त्या चरापाशी थांबले. मागून वळून दोन मिनिटांत घरी येता आलं असतं, पण ते तासभर मेथीची जुडी धरून तिथेच उभे होते. शेवटी शेजारचा मुलगा त्यांना घेऊन आला. मेथी कितीला घेतली, सुटे किती परत आले, सगळं त्यांना बिनचूक आठवत होतं. फक्त म्हणाले, "ताई, किल्ला कुठल्या अंगाला ते कळेना गं." साताऱ्याचा माणूस दिशा विचारत नाही, मान वर करून अजिंक्यतारा बघतो. माझ्या पोटात धस्स झालं.

दवाखान्यात त्यांना तारीख, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, 100 मधून सात-सात वजा करायला लावले. 30 पैकी 28 गुण मिळाले. मी बोळाची गोष्ट सांगू लागले, तर "वयोमानाने होतं" म्हणून आम्हाला घरी पाठवलं. निदान व्हायला आणखी दोन वर्षं गेली.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे नंतर वाचत गेले. या आजारात मेंदूच्या बाह्यावरणात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सर्वांत आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात दिसू लागतात. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला 2005 मध्ये याच भागात, उंदरांच्या मेंदूत, ग्रिड पेशी सापडल्या. आपण कुठे आहोत याचा नकाशा आखायला त्या मदत करतात. 2014 चं नोबेल या दोघांना आणि जॉन ओकीफ यांना मिळालं ते मेंदूतल्या अशा जागा ओळखणाऱ्या पेशी शोधल्याबद्दल. सवयीची वळणं पाय आपोआप घेतात. वाट बंद झाली की मात्र डोक्यातला नकाशा लागतो, आणि अण्णांचा तोच पुसट होत होता.

धाकट्या भावाने घाबरून खासगी लॅबमध्ये जनुकांची तपासणी करून घेतली. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या, एपीओई जनुकाच्या ई4 प्रकाराची एक प्रत निघाली. अहवाल मोबाइलवर आला, तोही रात्री, समजावून सांगायला कोणी नाही. तो तीन रात्री झोपला नाही. एका प्रतीने धोका साधारण तिप्पट होतो, दोन प्रतींनी आठ ते बारा पट, आणि हे आकडेसुद्धा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. ई4 असलेल्या कित्येकांना हा आजार कधीच होत नाही, नसलेल्यांनाही होतो. एवढं सांगायला समुपदेशक हवा होता. तो देणं लॅबला बंधनकारकच करायला हवं.

ई4 चा आणि वाटेचा संबंध मात्र खरा दिसतो. 2015 साली जर्मनीतल्या संशोधकांनी ई4 असलेल्या तरुणांना संगणकावरच्या आभासी मैदानात फिरवलं. त्यांच्या मेंदूत ग्रिड पेशींसारखा संकेत क्षीण होता आणि ते मैदानाच्या मध्यात कमी जात होते. प्रागमध्ये स्मृतीची सौम्य तक्रार असलेल्यांना एका गोल जागेत लपवलेलं ठिकाण शोधायला लावतात. तिथेही ई4 असलेले जास्त अडखळले.

म्हणून माझी डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. तारीख-वार विचारता, त्याबरोबर आणखी एक विचारा: "नेहमीचा रस्ता बंद असला तर दुसरीकडून घरी येता येतं का?" हे रुग्णाला विचारा आणि घरच्यांना वेगळं विचारा. याला ना मशीन लागतं, ना पैसे.

अण्णा आता दारातून बाहेर पडले की मी बरोबर असते. किल्ला कुठे आहे हे विचारलं की ते नुसते हसतात. त्या पहिल्या तपासणीत कोणी विचारलं असतं, तर त्यांनी स्वतः सगळं सांगितलं असतं.

आपली,
एक शिक्षिका, सातारा
(कृपया नाव छापू नये.)