ताई, त्या तीन टर्मिनलसाठी मनापासून थँक्यू

ताई, त्या दिवशी घाईत नीट थँक्यू म्हणायचं राहून गेलं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, रोज तीन टर्मिनल हाताने सुरू करण्यात अजून कोणी अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

रोज व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडला की माझं ठरलेलं, तीन टर्मिनल (कमांड टाइप करायच्या खिडक्या) उघडा, एकात डेटाबेस, एकात बॅकएंड म्हणजे सर्व्हरचा भाग, एकात फ्रंटएंड म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, प्रत्येकात सीडी ही फोल्डर बदलायची कमांड मारून आपापल्या फोल्डरमध्ये जा, आणि डेटाबेस वर यायच्या आत बॅकएंड चालू केलं की कनेक्शन एरर, मग परत पहिल्यापासून. तू हे बघितलंस, खुर्ची ओढून बसलीस आणि डॉट व्हीएसकोड फोल्डरमध्ये टास्क्स डॉट जेसन, म्हणजे एडिटरने कुठल्या कमांड चालवायच्या ते लिहायची फाइल, बनवायला लावलीस. कीबोर्डला तू हातसुद्धा लावला नाहीस, सगळं माझ्याकडूनच टाइप करून घेतलंस, म्हणूनच ते डोक्यात बसलं.

प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा टास्क, त्यात सीडब्ल्यूडी, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरमध्ये चालवायची ते, दिला की सीडीची कटकट गेली, प्रेझेंटेशन या सेटिंगमध्ये ग्रुपचं नाव सगळीकडे सेम ठेवलं की टर्मिनल शेजारी शेजारी उघडतात, आणि सगळ्यांच्या वर एक मेन टास्क, त्याच्या डिपेंड्सऑनमध्ये बाकीच्यांची नावं, म्हणजे आधी ते चालतात, आणि रनऑनला फोल्डरओपन, म्हणजे फोल्डर उघडताच सगळं आपोआप सुरू. इथपर्यंत सोपं होतं. पण डिपेंड्सऑर्डर सीक्वेन्स, म्हणजे एक संपला की दुसरा, असं केल्यावर गाडी डेटाबेसच्या पुढे सरकेचना. तू म्हणालीस, "अरे, सर्व्हर कधी संपतच नाही, मग पुढच्याचा नंबर लागणार कसा?" मी कमांडमध्येच चूक शोधत बसलो होतो, हे डोक्यातच आलं नसतं! मग इजबॅकग्राउंड ट्रू केलं, म्हणजे हा टास्क मागे चालूच राहणार असं एडिटरला सांगितलं, टर्मिनलमधला मजकूर वाचणाऱ्या प्रॉब्लेम मॅचरच्या एंड्सपॅटर्नमध्ये, म्हणजे कुठली ओळ दिसली की तयार समजायचं त्यात, पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या लॉगमधलं 'रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स' टाकलं, आणि ती ओळ दिसल्या दिसल्या बॅकएंड आपोआप सुरू झालं.

आणि ऑटोमॅटिक टास्क चालवू का असं एडिटरने विचारल्यावर मी लगेच अलाउ करायला निघालो तेव्हा थांबवलंस ते फार बरं केलंस. आपली फाइल आहे तर ठीक, पण अनोळखी रेपो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या प्रोजेक्टचा कोड, असेल तर फोल्डर उघडताच त्यातली कुठलीही कमांड आपल्या मशीनवर चालू शकते, म्हणून आधी फाइल वाचायची. तेव्हापासून मी दरवेळी वाचतो.

फाइल रेपोत कमिट केलीये, टीममधल्या दोघांनी पुल करून लगेच वापरायला पण घेतली. एंड्सपॅटर्नच्या वर तू सांगितलेलं कारण कमेंटमध्ये लिहिलंय, वेळ मिळाला की एकदा बघ बरोबर लिहिलंय का.